वाढत्या अंगाचा स्वेटर

आमच्या सासरी पोटातल्या बाळासाठी काही शिवत नाहीत, विणत नाहीत आणि विकतही आणत नाहीत. बाळ जन्माला येऊन रडलं की मग दुकान गाठायचं. तोवर पाळणासुद्धा माळ्यावरून खाली उतरत नाही. सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही वर्धेकडचं, आणि दोन्हीकडे हा नियम इतका पक्का, की कुणी हौसेनं आधीच दुपटं आणून दिलं तर ते शेजाऱ्यांकडे ठेवायला पाठवतात. त्यामुळे माझी दोन बाळं पोटातल्या पोटात गेली तेव्हा घरात आवराआवर करण्यासारखं काही नव्हतं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, डोळ्यांपुढं काही नाही. मला ते बरं वाटलं नव्हतं. एखादं टोपडं असतं तर निदान ते कुठं ठेवायचं यावर तरी रडता आलं असतं.

पुढचे उपचार, इंजेक्शनं, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, हे सगळं मी इथं सांगत बसत नाही. एक दिवस नवऱ्यानं आणि मी ठरवलं, आता पुरे, मूल दत्तक घ्यायचं. सरकारी पोर्टलवर नाव घातलं. दोन वर्षांच्या आतलं बाळ, मुलगा किंवा मुलगी, कुणीही चालेल, असं भरलं. मग प्रश्न उरला सासूबाईंना सांगण्याचा. मी धास्तावले होते. त्या काही बोलणार नाहीत आणि महिनाभर नुसत्या गप्प राहतील, अशी माझी खात्री होती. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवऱ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"ते लेकरू जन्माले यायचं हाय, का आलेलं हाय?"

"ते कसं सांगू मी तुले?" नवरा म्हणाला. "नंबर लागन तेव्हा समजन. आलेलं बी असन कुठंतरी."

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून विणायच्या सुया काढल्या. माझ्या दोन्ही खेपांना त्यांनी त्या ट्रंकेला हात लावला नव्हता. "आलं असन तं त्याले थंडी वाजत असन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या नागपूरच्या इतवारी बाजारात गेल्या. लोकर बर्डीच्या बाजारातही मिळते, आणि मेट्रोनं गेलं की काम लवकर होतं, पण बर्डीवरच्या दुकानात त्यांना लोकर हातात घेऊन गालाला लावून बघू देत नाहीत. इतवारीतला दुकानदार ओळखीचा. त्यानं गादीवर बसायला जागा केली आणि विचारलं, "कितने महीने का बच्चा है, माताजी?"

"मालूम नहीं," सासूबाई म्हणाल्या.

"लडका है के लडकी?"

"वो भी मालूम नहीं."

दुकानदारानं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी तोंड फिरवून गल्लीतल्या हातगाड्या बघायला लागले. मला त्या दुकानातून नाहीसं व्हायचं होतं. सासूबाई मात्र अगदी शांत होत्या. "बच्चा है," त्या म्हणाल्या. "बस इतना मालूम है." त्यानं जरा विचार करून लिंबू रंगाची लोकर पुढं केली. मुलगा असो की मुलगी, लिंबू रंग कुणालाही चालतो म्हणाला.

मला स्वतःला विणता येत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी एक मफलर सुरू केला होता. तो वर जाता जाता आपोआप त्रिकोणी होत गेला आणि बाईंनी टेबल पुसायला ठेवून घेतला. सासूबाईंनी मला शिकवायचा प्रयत्न केला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, यात समजण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. माझे टाके इतके घट्ट पडायचे की त्यातून दुसरी सुई जायची नाही. "काहून एवढी आवळतं वं? धाग्याले श्वास घेऊ दे," त्या म्हणायच्या. शेवटी त्यांनी सुया माझ्या हातून काढून घेतल्या आणि मी मुकाट्यानं चहा ठेवायला गेले.

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत हिवाळ्यात सकाळचं छान ऊन येतं. तिथं खुर्ची टाकून त्यांनी त्या पहिल्या थंडीत स्वेटर, टोपडं आणि मोजे असं सगळं केलं. स्वेटर माझ्या तळहाताहून थोडाच मोठा. घराची पाहणी करायला समाजसेविका आल्या तेव्हा त्यांनी आमचं उत्पन्न, आमचं आरोग्य, आमचं भांडण झालं तर कोण आधी बोलतं, असं सगळं विचारलं. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. त्यांनी मोजपट्टीच आणून ठेवली होती. "त्याची छाती किती इंच हाय, तेवढं सांगता का," त्या म्हणाल्या. त्या बाई हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की बाळ कोणतं, हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि यादी मोठी आहे, वेळ लागेल. सासूबाईंनी मान हलवली. माझ्या मनात मात्र 'वेळ लागेल' म्हणजे उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा, त्यात लोकरीकडे बघवतसुद्धा नाही. स्वेटर डांबरगोळ्या घालून ट्रंकेत गेला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघते. सबंध जून-जुलै दुसऱ्यांच्या मुलांचे जन्मदाखले तपासायचे आणि मधूनमधून फोनवर पोर्टल उघडून आपला नंबर बघायचा. नंबर कधी थोडा पुढं सरकायचा, कधी जागचा हलायचा नाही. एकदा तर मागं गेलेला दिसला. फोन लावावा तर कुणी उचलत नाही, आणि उचललाच तर 'मॅडम, वाट पाहा' एवढंच सांगतात. वाट पाहण्यासाठी काही करावं लागत नाही आणि तेच मला जमत नव्हतं. भांडायला समोर माणूस असता तर मी भांडले असते. मला ते चांगलं येतं.

दिवाळी झाली. हवेत गारवा आला तशी सासूबाईंनी ट्रंक उघडली, स्वेटर काढून उन्हात धरला, आणि मी बघत असतानाच गळ्याची गाठ सोडून तो उसवायला घेतला.

"आई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"लहान झाला."

"कोणाले?"

"लेकराले. मागच्या थंडीत तान्हं होतं. आता रांगत असन." त्यांच्या बोलण्यात थट्टेचा मागमूसही नव्हता.

मी त्यांना समजावून सांगितलं. आपल्याला मिळणारं बाळ अजून जन्माला यायचंही असेल. आपण दोन वर्षांच्या आतलं मागितलं आहे. ते तीन महिन्यांचं असेल, नाहीतर वर्षाचं. असं एक ठरलेलं बाळ कुठं तरी बसून आपल्यासाठी वाढत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. तोवर अर्धी पाठ उसवून झाली होती.

"आपलं एकच हाय," त्या म्हणाल्या. "ते वाढून राहिलं."

उसवलेली लोकर कुरळी असते. ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून तिची लडी करायची, कोमट पाण्यात रिठा घालून धुवायची आणि खाली वजन बांधून वाळत घालायची, म्हणजे सरळ होते. त्या रविवारी नवरा दोन्ही हात पुढं करून बसला होता आणि त्याच्या हातांभोवती सासूबाई लोकर गुंडाळत होत्या. "हात वर धर गा, झोपला का?" असं मधूनमधून चालू. दोघं मायलेक इतकं मन लावून ते करत होते की मला राग आला. कशाचा ते सांगता यायचं नाही. त्यांच्या हाताला काम होतं, याचाच असावा.

मोठ्या मापाला जुनी लोकर पुरली नाही. लिंबू रंग इतवारीत त्या छटेचा मिळेना, म्हणून पोपटी आणला. खालून लिंबू, वर पोपटी असा तो दुसरा स्वेटर झाला. बाह्या मुद्दाम लांब, दुमडून घालायच्या. आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचेच घेतात. पुढच्या वर्षी बाही सोडता येते. मी स्वतः शाळेत पाचवीचा फ्रॉक आठवीपर्यंत घातला आहे. पण ज्या मुलाचं आजचंच अंग माहीत नाही, त्याचं वाढतं अंग ही बाई मोजत होती.

तिसऱ्या थंडीत केशरी आला. तोवर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि बोटांची पेरं सुजायला लागली होती. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे. गरम पाण्याच्या गंजात हात बुडवून ठेवायचा, मग सुया धरायच्या. डॉक्टरांनी विणकाम बंद करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बर्डीवर तिबेटी लोकांचा बाजार लागलाय, हव्या त्या मापाचा स्वेटर मिळतो, बाळ आलं की घेऊ. त्या ऐकेनात. टाका गळायचा, सहा-सात ओळी वर गेल्यावर लक्षात यायचा, पुन्हा उसवायचा.

मला तो मोठा होत जाणारा स्वेटर बघवत नव्हता. कारण त्यावरून मला दिसायचं, की तान्हेपण गेलं, रांगणं गेलं, आता पहिलं पाऊलही गेलं. पोर्टलवरच्या आकड्याकडे बघून असं काही होत नाही. एका दुपारी त्या बाहीची लांबी स्वतःच्या बोटांनी मोजत होत्या आणि मी बोलले. "आई, हे बाळ वाढून नाही राहिलं. हे बाळ नाहीच आहे."

त्यांनी सुई थांबवली. "तुह्यासाठी नसन," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी हाय." आणि ओळ पुढं नेली. मी स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. त्यांना माझा राग आला असता तर बरं झालं असतं, पण संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी पाटोडीचा रस्सा केला.

त्यानंतर आम्ही त्या स्वेटरबद्दल बोलायचंच सोडलं. चौथी दिवाळी गेली. केशरीवर जांभळा चढला; दर थंडीला माप दोन-तीन बोटंच वाढायचं. आणि गळा बंद करून झाल्यावर पंधरवड्याच्या आत फोन आला.

मी ऑफिसात होते. नवऱ्यानं फोनवर फक्त "पोरगी हाय" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. पोर्टलवर तिचा फोटो आणि तब्येतीचा अहवाल आला होता. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं होतं. ते आम्ही दोन मिनिटांत कळवलं. दीड वर्षाच्या जरा वरची पोर. बारीक केस, मोठं कपाळ, अंगात चॉकलेटी रंगाचा मशीनवरचा स्वेटर, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारी. नवरा आणि मी तिचे डोळे बघत होतो. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा करायला लावला आणि म्हणाल्या, "बाह्या आखूड झाल्या हाय तिच्या."

अहवालात उंची दिली होती. त्यांनी नवऱ्याला भिंतीवर तेवढ्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ मारायला सांगितली आणि रेघेखाली स्वेटर धरला. खांदे बरोबर. लांबी बरोबर. बाह्या दोन बोटं जास्त, वाढत्या अंगाच्या. "पाह्य," त्या मला म्हणाल्या, "एवढंच झालं हाय." मी तिथंच खाली बसले आणि रडले. चार थंड्या मी ज्या बाईला खुळी समजत होते, तिचं माप तंतोतंत जुळलं होतं. मला वाटलं, आता काही चुकणार नाही.

संस्था दुसऱ्या जिल्ह्यात होती. कागदपत्रं झाली, दोनदा जाऊन भेटून आलो, आणि जानेवारीतल्या एका सकाळी भाड्याची गाडी करून तिला आणायला गेलो. तिथल्या ताईंनी तिला माझ्या कडेवर दिलं. तिनं अंग आखडून घेतलं, पण रडली नाही. निघताना ताई म्हणाल्या, "कपडे संस्थेचे असतात, ते आम्ही ठेवून घेतो. पण हा अंगातला स्वेटर राहू द्या तिच्याजवळ." आम्हाला वाटलं, बाहेर गारठा आहे म्हणून म्हणत असतील. नवऱ्यानं त्यांना हात जोडले. तीन तासांच्या प्रवासात ती माझ्या मांडीवर बसून होती आणि ती मला एकदाही टेकली नाही. बिस्किट दिलं, ते मुठीत धरून ठेवलं. मी तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. चार थंड्या मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते, आणि आता नुसतं 'गाडी बघ, गाय बघ' चाललं होतं.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नणंद आली होती, खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. वहिनींनी त्यांच्या मुलीचा जुना, मऊ झालेला फ्रॉक आणला होता. नवीन बाळाच्या अंगाला पहिला कपडा जुना लागतो, दुसऱ्या धडधाकट लेकरानं वापरलेला. त्याचं आयुष्य, त्याची तब्येत बाळाला लागते, आणि नव्या कपड्याला जशी नजर लागते तशी जुन्याला लागत नाही, असं मानतात. सासूबाईंचं सगळं ठरलं होतं: आधी ऊन ऊन पाण्यानं आंघोळ, मग वहिनींचा फ्रॉक, आणि त्यावर मग आपला स्वेटर.

आंघोळीसाठी चॉकलेटी स्वेटर काढायला घेतला आणि तोवर एक शब्द न बोललेली ती पोर ओरडली. असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं स्वेटरचा काठ दोन्ही मुठींत धरला. सासूबाई, नणंद आणि मी, आम्ही तिघी बाया होतो. 'झालं झालं, शहाणी ती', असं म्हणत आम्ही तिची बोटं एकेक करून सोडवली. लहान मुलं आंघोळीला रडतातच, नणंद म्हणाली. स्वेटर बादलीत डेटॉलच्या पाण्यात गेला. आंघोळ झाली, फ्रॉक झाला, आणि लिंबू, पोपटी, केशरी, जांभळा असा तो चार थंड्यांचा स्वेटर तिच्या अंगात गेला. इतका बरोबर बसला, की वहिनींनी टाळी वाजवली. पोरीचा आवाज तोवर बसला होता. ती नुसतं तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता.

त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. दूध तोंडाला लावलं की मान फिरवायची. स्वेटरचा गळा ओढत राहायची. आम्ही तो काढला तर थंडीनं कुडकुडायची, दुसरा घालू द्यायची नाही. मी जवळ गेले की उठून दुसरीकडे जाऊन बसायची. रडण्यात तिनं मला आई म्हणून नाही, निदान माणूस म्हणून तरी हाक मारावी असं मला वाटत होतं. पण तिला कुणाला हाक मारून काही मिळतं, हेच बहुतेक माहीत नसावं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वेळ द्या. मला तो शब्द ऐकून फोन आपटावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात दिसेना. दार बंद होतं, तरी मी पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. ती गॅलरीत होती. सासूबाईंनी धुतलेला चॉकलेटी स्वेटर दोरीवर घातला होता, अजून ओला होता, त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. ती त्याच्या बरोबर खाली, थंड फरशीवर बसली होती आणि मान वर करून त्याच्याकडे बघत होती. तिच्या केसांवर पाणी पडत होतं. ती तिथून हलत नव्हती.

सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"जुनं तं तिच्या अंगावर होतंच वं," त्या म्हणाल्या. "आपुनच काढून घेतलं."

मग आम्ही तो स्वेटर इस्त्रीनं वाळवला. नवरा इस्त्री फिरवत होता, वाफ निघत होती, आणि ती इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरून उभी होती. मशीनवरचा, कोपरावर विरलेला, किती लेकरांच्या अंगातून आलेला कोण जाणे. अंगात घातल्यावर तिनं दोन्ही हात पोटाशी घेतले आणि वाटीभर वरणभात सासूबाईंच्या हातून खाल्ला. मी भरवायला गेले तर तोंड मिटलं. मी वाटी धरून बसले.

पण बाह्या खरंच आखूड होत्या. मनगटाच्या वर चार बोटं हात उघडा, आणि गारठा तर असा की गॅलरीतल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. तिचे हात गार पडून लाल व्हायचे. वरून दुसरं काही घालू द्यायची नाही. शाल टाकली की झटकायची. रविवारी दुपारी सासूबाईंनी चार रंगांचा स्वेटर मांडीवर घेतला, कात्रीनं गळ्याची गाठ कापली आणि उसवायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"आई, नका ना. चार थंड्या लागल्या याले. ठेवून देऊ. पुढं घालेल ती कधी तरी."

"हा कोनाचा होता वं?" त्यांनी विचारलं. "आपल्या मनातल्या लेकराचा होता. त्याले बरोबर झाला असता." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना नवऱ्याचे वडील गेले तेव्हासुद्धा लोकांसमोर रडताना पाहिलं नव्हतं. "हे दुसरं हाय. हिले आपन कुठं पाह्यलं होतं?"

जांभळी लोकर भराभर निघत गेली. धुवायला, सरळ करायला त्या थांबल्या नाहीत, तशीच कुरळी गुंडाळली. मोज्यांच्या, दोन्हीकडून टोकदार सुया काढल्या. पोरगी गॅलरीत उन्हात बसली होती. सासूबाई हळूहळू खाली बसल्या, गुडघा धरत, आणि तिच्यासमोर सुया ठेवल्या. स्वेटर अंगातून काढायचा नाही, अंगातच लांब करायचा, हे मला तेव्हा समजलं. त्यांनी क्रोशाच्या सुईनं चॉकलेटी काठातून पहिला जांभळा टाका उचलला. पोरीनं हात मागं घेतला. सासूबाई थांबल्या. थोड्या वेळानं पुन्हा उचलला. या वेळी तिनं घेऊ दिला.

मनगटाभोवती गोल चार सुया, त्यांची टोकं बाहेर आलेली, मधे तो बारका हात. जरा हलला असता तर टोचलं असतं. सासूबाईंच्या बोटांची पेरं आधीच सुजलेली होती.

"हात धर तिचा," त्या मला म्हणाल्या.

"मले धरू देत नाही ती."

"धर म्हणतो ना."

मी समोर बसून तिचा पंजा माझ्या तळहातावर घेतला. गार होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती सुयांकडे बघत होती. पण हात काढून घेतला नाही. सासूबाई एकेक फेरा विणत होत्या आणि जांभळा पट्टा मनगटाकडे उतरत होता. मी बोलले नाही, 'शहाणी', 'राणी' काही म्हटलं नाही. मी तो हात हलू न देण्याचं काम करत होते. घरात सगळ्यांच्या हाताला काम होतं आणि माझ्याच नाही, असं इतकी वर्षं वाटत होतं. आता आलेलं काम हे एवढं होतं आणि तेही मला जमेल का, याची मला भीती वाटत होती.

बाही मनगटापर्यंत आली. टाके बंद झाले, सासूबाईंनी धागा दातांनी तोडला आणि सुया काढून घेतल्या. कुरळ्या लोकरीमुळे पट्टा वेडावाकडा दिसत होता. पोरीनं हात तोंडाजवळ नेऊन नवीन काठ ओठांना लावून पाहिला. मी माझा हात मागं घेतला. आता ती उठून जाईल, असं मला वाटलं.

ती उठली नाही. तिनं दुसरा हात पुढं केला. सुया सासूबाईंकडे होत्या, पण हात तिनं माझ्यापुढं केला. तो कुणीतरी धरायचा असतो, आमच्या घरातलं तिला तोवर एवढंच कळलं होतं. मलाही तिच्याबद्दल तेवढंच कळलं होतं. मी तो धरला.